अठ्ठेचाळीस मिनिटांची खरखर

तार एकशे बत्तीस फूट लागली. चौकटीची एक बाजू तीन फूट, चार बाजूंचे मिळून बारा, आणि तसे अकरा वेढे. दोन्ही टोकं रेडिओपर्यंत आणायला आणखी पाच फूट, म्हणजे एकशे सदतीस. दुकानातल्या लोखंडी गजाने मी ती दोनदा मोजली होती, कारण पहिल्यांदा फूटभर कमी भरली होती. माझं वय आता चोपन्न आहे. घरात वीज आहे, मुलगा खिशात मावणारा ट्रान्झिस्टर कानाला लावून फिरतो, आणि एरियल म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागतं. शहाद्याच्या घरी मी चौदा वर्षांची असताना जे झालं ते मी त्याला तीनदा सांगायला घेतलं आणि तिन्ही वेळा तो वेढ्यांच्या हिशोबातच उठून गेला. म्हणून आता लिहूनच ठेवते.

आमचं घराणं मारवाडातून आलेलं, धंदा कापसाचा. घरात मारवाडी, रस्त्यावर अहिराणी आणि शाळेत मराठी असा आमचा बोलण्याचा प्रकार होता, तेव्हा इथे घरातलं बोलणं मी मराठीत लिहिलं असलं तरी ते बहुतेक मारवाडीत झालं होतं असं समजावं. घर उत्तर-दक्षिण लांब होतं. रस्त्याच्या अंगाला बैठक, मग आंगण, आंगणाच्या पश्चिमेला स्वयंपाकघर आणि त्याची पडवी, आणि दक्षिणेच्या टोकाला सरकीचं गोदाम. एवढा नकाशा ध्यानात ठेवावा, पुढे लागेल. हंगामात वडील आणि मोठा भाऊ, ज्याला आम्ही भाईजी म्हणायचो, सकाळी जिनावर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यावर, जात ते दिवे लागल्यावर परतत. आम्ही जैन, सूर्यास्तानंतर जेवत नाही. म्हणून त्यांचे डबे साडेचारला सुकदेव गड्याबरोबर जात आणि घरातली ताटं सहाच्या आत उचलली जात. इतरांकडे संध्याकाळ ही टेकायची वेळ असे, आमच्याकडे ती सगळ्यात धांदलीची. चुलीवर कढी, तव्यावर बाजरीची भाकरी, आई एकीकडे बेसनाचे गट्टे कापतेय आणि दुसरीकडे कोपराने भाभीला खुणावतेय की आच वाढव. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग जिनापर्यंत लागलेली, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा एकसारखा आवाज, आणि त्याच्यामागे जिनाची घरघर, जी थांबली की मगच ती चालू होती हे कळायचं. हवेत कापसाचे तंतू इतके असत की कढीच्या पातेल्यावरचं ताट आम्ही फक्त ढवळण्यापुरतंच काढायचो.

ह्या धांदलीत एकच माणूस स्वस्थ असे. ते म्हणजे दादाजी, माझे आजोबा. पाचला त्यांचं जेवण उरके, पाच वाजून वीस मिनिटांनी ते गोदामात शिरत, आतून कडी लावत, आणि सामायिकाला बसत. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी बसून मन आवरायचं. तेवढा वेळ त्या माणसाला हाक मारायची नाही, दार वाजवायचं नाही, घराला आग लागली तर सावकाश सांगायचं. त्यानेही विस्तवाला, दिव्याला हात लावायचा नाही, कारण अग्नीत जीव असतात असं आमच्याकडे मानतात, आणि विजेतही तेच. दादाजी तर सामायिक नसतानाही हातबत्तीचं बटण दुसऱ्याकडून दाबून घेत. सकाळचं सामायिक त्यांनी कित्येक वर्षं चुकवलं नव्हतं. सारंगखेड्याच्या यात्रेला घोडं बघायला म्हणून गेले, घोडं न घेता परत आले, आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळीही गोदामात बसू लागले. नवल असं की त्यांचे गुडघे, जे दोन वर्षं वाकत नव्हते, ते महिन्याभरात वाकायला लागले. लोक घरी येऊन म्हणायचे, "दादाजी, हा सामायिकाचा प्रताप." दादाजी म्हणायचे, "हूं."

रेडिओ भाईजींनी दिवाळीच्या आधी मुंबईहून आणला होता. दादाजींनी त्याला घरात येऊ दिलं, पण अटी घातल्या: तो बैठकीत राहील, त्यांच्यासमोर लागणार नाही, आणि त्यावर काय ऐकलं हे त्यांना कोणी सांगायचं नाही. छपरावर तीस फुटी बांबू उभा राहिला, त्यावरून तार खाली आली. शहाद्यात तेव्हा वीज नव्हती. सेट बॅटरीवर चाले आणि ती भरून आणायला बसने धुळ्याला पाठवावी लागे, त्यामुळे भाईजींनी रोजचा अर्धा तास ठरवून दिला आणि मिनिटं लिहायला एक वही. वही माझ्याकडे आली, कारण घरात लिहून ठेवायची खोड मलाच होती. दिवसा मुंबई ऐकू येत नसे. ऊन उतरायला लागलं की ती विहिरीतून बादली वर यावी तशी हळूहळू वर यायची. सुरुवातीला ती बऱ्यापैकी स्वच्छ यायची. मग वहीत नवीन नोंद सुरू झाली: "५.२० खरखर सुरू." शेजारी, "६.०८ बंद." रोजच्या अर्ध्या तासात बसावं म्हणून मधे मी सेट बंद ठेवायची. ही खरखर साधी नव्हती. कढईत ओली मिरची टाकल्यासारखा तडतडाट, आणि त्याखाली बुडालेला मुंबईचा माणूस. त्या वहीच्या एकाच पानावर सारंगखेड्याच्या यात्रेची तारीख आणि खरखरीचा पहिला दिवस एकाखाली एक लिहिलेले आहेत. मी ते पान तेव्हा वीस वेळा तरी पाहिलं असेल. वजाबाकी मात्र केली नाही.

आता भाभीचं. भाईजींचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं आणि भाभी सतरा वर्षांची होती. माझ्यापुढे ती तोंडाळ, सासऱ्यांपुढे मुकी. आमच्यात सून दादाजींसारख्या वडीलधाऱ्यांपुढे घुंघट घेते आणि बोलत नाही, त्यामुळे दीड वर्षात त्यांनी तिचा आवाज ऐकला नव्हता. तिचा एकच भाऊ, चंपालाल. तो खंडव्याची पेढी सोडून मुंबईला सारंगी शिकायला पळाला होता. व्यापाऱ्याच्या मुलाने वाजंत्री व्हायचं हे एक, आणि सारंगीची तार म्हणजे तांत, जनावराच्या आतड्याची, हे दुसरं. आमच्यासारख्या मुंगी वाचवून पाय ठेवणाऱ्या घरात दुसरं जास्त वाईट. दादाजींनी सांगून ठेवलं होतं की त्या मुलाचं नाव ह्या घरात निघणार नाही, त्याला कागद जाणार नाही. चार वर्षं भाभीने त्याला पाहिलं नव्हतं.

पौषात तिच्या आईचं पत्र आलं. भाभीला वाचता येत नसे, म्हणून ते मी वाचलं. शेवटच्या दोन ओळी अशा होत्या की पुढच्या गुरुवारी संध्याकाळी साडेपाच ते पावणेसहा चंपा मुंबईच्या रेडिओवर वाजवणार आहे, आमच्याकडे पेटी नाही, तुझ्याकडे आहे, तू ऐक. भाभीने ते पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "साडेपाच म्हणजे तुझी तडतड चालू असते तेव्हा?"

"सुरू होऊन दहा मिनिटं झालेली असतात," मी म्हणाले.

"मग तू काय नुसती लिहीतच बसणार?"

मधे नऊ दिवस होते.

सेटबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. पत्र यायच्या आदल्या रविवारीच भाईजींनी मला तिच्यातलं एक पान समजावून दिलं होतं. उंच बांबूची तार चहूकडचं सगळं गोळा करते, कामाचं आणि बिनकामाचं. त्याऐवजी लाकडी चौकटीवर तार गुंडाळून ती घरातच उभी केली, तर ती एकाच रेघेतलं ऐकते. चौकटीची कड ज्या दिशेला, तिकडचं मोठं. तिचं तोंड ज्या दिशेला, तिकडचं बंद. भाईजी म्हणाले होते, हंगाम संपला की बघू. मला नऊ दिवसांत हवी होती, आणि तीन फूट बाय तीन फुटाची पक्की चौकट घरात एकच होती: आईचं मंगोड्या, म्हणजे मुगाच्या वड्या, वाळवायचं बाजलं. मी त्याची सुतळी सोडायला बसले तर सुकदेव गोठ्यातून बघत होता. तो म्हसावदचा, आमच्याकडे माझ्या जन्माआधीपासून.

"ताई, हाई काय करी ऱ्हायनी तू? मंगोड्या आते कशावर वाळतीन?"

"पत्र्यावर. तू हे बैठकीत नेऊन दे."

"तुन्ही मायनी इचारं तर?"

"तू पाहिलंच नाहीस."

"माले काही दखायनंच नही," असं म्हणून त्याने बाजलं डोक्यावर घेतलं आणि आईच्या समोरून आंगण ओलांडलं. आईने पाहिलं. ती फक्त एवढंच म्हणाली की मंगोड्यांत सुतळीचे धागे निघाले तर त्या मला एकटीला खायला घालीन.

वेढे भाभीने आणि मी दुपारी घातले. पाव इंचाचं अंतर राखायचं होतं. मी पट्टी धरायची, तिने तार ओढायची. तिचा हात माझ्याहून सरळ. सातव्या वेढ्याला ती म्हणाली, "आमचा चंपा असाच बसायचा तारा ताणत. वडील म्हणायचे, ह्याला कापूस ताणायला सांगितला तर झोपतो." मग मुंबईची दिशा काढली. शाळेच्या नकाशावर शहाद्यापासून मुंबईपर्यंत दोरा ताणला, कोनमापक ठेवला, दक्षिणेपासून पश्चिमेकडे तीस अंश आले. दक्षिण मी भर दुपारी काठीच्या सावलीवरून आखली आणि बैठकीच्या फरशीवर खडूने मुंबईची रेघ ओढली. ती रेघ पुसू नये म्हणून पुढचे आठ दिवस मी स्वतः बैठक झाडली. मी आपण होऊन झाडू घेतला ह्याचा आईला सगळ्यात जास्त संशय आला.

पहिल्या दिवशी कड खडूच्या रेघेवर आणली. मुंबई आली, पण तडतडही तेवढीच आली. चौकट हळूहळू फिरवली. तडतड कमी कमी होत बंद झाली, आणि तिच्याबरोबर मुंबईही बंद झाली. दहा वेळा फिरवून पाहिलं, दोघी एकदमच जात आणि एकदमच येत. मी भाभीला सांगितलं, "ही खरखर मुंबईहूनच येते आहे."

"येणारच," भाभी म्हणाली. "एवढी माणसं राहतात."

मला ते दोन दिवस पटलं होतं, हे इथे लिहायला हरकत नाही. मग लक्षात आलं की मुंबईचा गोंगाट रोज पाच-वीसला सुरू होऊन सहा-आठला संपणार नाही. म्हणजे खरखर मुंबईच्या रेघेवरच, पण कुठेतरी जवळ. गावाचा कच्चा नकाशा काढून त्यावर रेघ ओढली. चौकट रेघ सांगते, पुढे की मागे ते सांगत नाही, तेव्हा दोन्हीकडे पाहिलं. उत्तरेला मोटारस्टँड, पण तिथली शेवटची मोटार पाचलाच सुटायची. दक्षिणेला आधी आमचं गोदाम, मग स्थानक, म्हणजे आमच्या साधूंची उतरायची जागा, आणि त्याच्यापुढे पिठाची गिरणी. स्थानकात दिवासुद्धा नसतो, ते खोडलं. गोदामात दादाजी सामायिकात, विजेला हात लागण्याचा प्रश्नच नाही, तेही खोडलं. राहिली गिरणी. पट्ट्याच्या घर्षणाने ठिणग्या उडतात असं पुस्तिकेत होतंच.

गिरणीवाल्याने माझं सगळं ऐकून घेतलं, पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर केल्या, आणि म्हणाला, "पोरी, मन्ही गिरणी पाचले बंद व्हस. सोमवारे ते उघडसच नही. तुन्हा रेडिओच बिघडेल शे. धाड त्याले धुळाले." मी वही पाहिली. मागचे दोन सोमवार काढले. दोन्ही सोमवारी खरखर बरोबर अठ्ठेचाळीस मिनिटं होती.

आकडा डोळ्यांसमोर होता. आमच्या घरात अठ्ठेचाळीस मिनिटांचं दुसरं काय असतं हे शेंबड्या पोराने सांगितलं असतं. मला ते सुचलं नाही, कारण जी जागा मी धर्माच्या आधाराने खोडली होती ती पुन्हा मोजायची नसते असं मला वाटत होतं. हिशोबात माणूस चुकतो तो बहुधा अशाच ठिकाणी, बेरजेत क्वचित.

सोमवारी संध्याकाळी सुकदेवला मदतीला घेऊन सेट आणि चौकट स्वयंपाकघराच्या पडवीत नेली. विचार असा की दुसऱ्या जागेवरून दुसरी रेघ काढावी; जिथे दोन रेघा छेदतील तिथे चोर. पाच-वीसला तडतड सुरू झाली. मी चौकट फिरवली. तडतड बसत बसत अगदी तळाला गेली, आणि मुंबई तशीच उभी राहिली, मोठी, स्वच्छ, कोणीतरी बाजारभाव वाचत होतं. भाभी पदराला हात पुसत दारात आली. मी तिच्याकडे पाहिलंच नाही. चौकटीचं तोंड जिकडे झालं होतं तिकडे पाहत होते. तिकडे फक्त गोदामाची भिंत होती.

"उंदीर," सुकदेव म्हणाला.

"उंदीर घड्याळ बघून येतात?"

गोदामाला मागच्या बाजूला वर एक झरोका होता. मी सुकदेवच्या खांद्यावर चढले. आत सरकीची पोती छतापर्यंत रचलेली, मधे दोन हातांची मोकळी जागा, तिथे आसन अंथरून दादाजी बसलेले. धोतर मांडीपर्यंत वर, पाय पसरलेले, आणि समोर चकचकीत लाकडी पेटी. पेटीतून दोन तारा, त्यांच्या टोकांना पितळी मुठी, आणि त्या मुठी दादाजींनी दोन्ही गुडघ्यांवर दाबून धरलेल्या. पेटीतून भुंग्यासारखा आवाज येत होता, तो पोत्यांच्या पलीकडे जात नव्हता. दर चार-पाच श्वासांनी दादाजींचा डावा पाय आपोआप उडायचा आणि ते "अरिहंत" म्हणायचे. यात्रेत बॅटरीवर चालणाऱ्या असल्या पेट्या विकायला येत. झटके घ्या, सांधे मोकळे करा. मी खाली उतरले आणि सुकदेव चढायच्या आधीच त्याला सगळं सांगितलं. तरी तो बाहेर ठेवलेल्या सरकीच्या पोत्यांवर चढून बघून आलाच.

"म्हातारा झटका ली ऱ्हायना," तो अत्यंत समाधानाने म्हणाला. "आते कसं कराना?"

इथे एक गोष्ट न्यायाने नोंदवायला हवी. चार वर्षांनी, माझ्या लग्नाच्या आधी, मी दादाजींना विचारलं होतं की सामायिकात वीज कशी चालली. ते म्हणाले, संध्याकाळी मी सामायिकाचं सूत्र कधीच म्हटलं नाही, व्रत घेतलंच नाही, तर मोडेल कसं. मी सामायिकाला बसतो असं मी कोणाला सांगितलं होतं का? मी आठवून पाहिलं. त्यांनी खरोखरच फक्त "हूं" म्हटलं होतं.

भाभीला सांगितलं तेव्हा ती ओढणीचा बोळा तोंडात कोंबून चुलीपुढे बसली आणि तिचे खांदे इतका वेळ हलत राहिले की आईला वाटलं धूर लागला. मग मी माझा बेत मांडला. गुरुवारी पाच-वीसला दादाजींना सांगायचं की आम्हाला माहीत आहे, अर्धा तास पेटी बंद ठेवा, नाहीतर भाईजींना सांगू. मला तो बेत फार आवडला होता. भाभीला आवडला नाही.

"नाही," ती म्हणाली. "ते उद्यापासून गोदामात बसणार नाहीत. पुन्हा गुडघे धरतील. त्यांना खाली बघायला लावून माझा भाऊ मला नको ऐकायला."

"मग त्यांनी तुझ्या भावाचं नाव बंद केलेलं चालतं?"

"ते त्यांचं. तू चौकट फिरव."

गुरुवार. पडवीत सेट ठेवता येत नव्हता, कारण गोदामातून निघालेला माणूस पडवीसमोरूनच येतो. राहिलं आतलं स्वयंपाकघर. आईला काय सांगायचं ह्याची मी तीन उत्तरं तयार ठेवली होती. तिने एकही विचारलं नाही. म्हणाली, "त्या रेडिओला लागलेला हात पिठाला लावायचा नाही," आणि पिंप एकीकडे सरकवून जागा केली. पाचला सेट पिंपावर, चौकट पाटावर. बॅटरीची अडीच तासांची शिल्लक मी आठवडाभर राखली होती. पाच-वीसला गोदामातल्या पेटीतले भुंगे सुटले. चौकट फिरवली, तडतड खाली गेली. पण इथे गोदाम आणखी जवळ, त्यामुळे दोन अंश इकडेतिकडे झाले की ती उसळायची, आणि पाटावर बाजलं स्थिर राहत नव्हतं. मला एका हाताने बटण सांभाळायचं होतं. भाभीने तव्यावर भाकरी टाकली, हात धुतले, आणि चौकट दोन्ही हातांनी धरली. मी म्हणाले, "श्वास घेताना हलतेस." तिने श्वास घेणं कमी केलं.

साडेपाचला एका बाईने काहीतरी सांगितलं, त्यातलं "सारंगी" एवढंच कळलं, आणि सुरू झालं. मला गाण्याबजावण्यातलं काही कळत नाही, तेव्हाही नव्हतं आणि आताही नाही. पण भाभीचा चेहरा मला समोर दिसत होता. आधी तिने कपाळाला आठी घातली, जशी अनोळखी माणसाकडे पाहताना घालतात. मिनिटभराने एका जागी सूर वरून खाली घसरत आला तिथे ती म्हणाली, "हां, हा चंपा." आई ढवळायची थांबली होती. मी बटण आणखी फिरवलं. मग आणखी. गरज नव्हती, पण मला ते आवडत होतं, आणि गोदामाची भिंत वीस फुटांवर आहे हे मी त्या वेळी हिशोबात धरलं नाही.

पाच वाजून एकेचाळीस मिनिटांनी तडतड एकदम नाहीशी झाली. चौकट हलली नव्हती. सारंगी एकटीच राहिली, अशी की तिच्या खालचा तबलजीचा श्वाससुद्धा ऐकू यावा. मी वर पाहिलं तर दारात दादाजी.

धोतर अजून गुडघ्यांच्या वर खोचलेलं. गुडघ्यांवर लाल गोल ठसे. डाव्या हातात पितळी मूठ, आणि तिच्यातून हातभर तार लोंबत होती. भाभीने मानेच्या एका झटक्याने घुंघट खाली घेतला. हात सोडले नाहीत. आईने कढीकडे पाहिलं. मी वहीकडे.

"छोरी," दादाजी मला म्हणाले, "कुण बजावे है?"

मी तोंड उघडलं, पण उत्तर घुंघटातून आलं.

"म्हारो भाई."

दादाजींनी तो आवाज पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी माझ्याकडेच पाहत पुढचं विचारलं, "तांतीवर?"

"तांतीवर," भाभी म्हणाली.

दादाजींनी चौकटीकडे पाहिलं, तारेच्या वेढ्यांकडे पाहिलं, आणि मग त्यांना आपल्या हातातली मूठ दिसली असावी. लपवायला वेळ होता आणि धोतरही होतं. त्यांनी ती लपवली नाही. सेटच्या शेजारी पिंपावर ठेवली आणि उंबऱ्यावर बसले, दोन्ही गुडघे पूर्ण वाकवून. उरलेली चार मिनिटं कोणी हललं नाही. तडतड गेली होती, चौकट धरायची गरज उरली नव्हती, पण भाभीने ती सोडली नाही आणि मीही सांगितलं नाही. शेवटी त्या बाईने स्पष्ट आवाजात वाजवणाऱ्याचं नाव घेतलं. ज्या घरात ते निघणार नव्हतं त्या घरात ते चांगलं मोठ्याने निघालं, कारण बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं.

दादाजी भिंतीला न धरता उठले. "तबला फार पुढे येतो," ते म्हणाले. मूठ उचलली, तार हाताभोवती गुंडाळली. दारातून वळून मला म्हणाले, "बीनणीला सांग, भावाला कागद टाक म्हणावं. शहाद्यात स्वच्छ ऐकू आलं."

पाच वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी तडतड पुन्हा सुरू झाली. मी सेट बंद केला आणि वहीत लिहिलं. मग आईने तव्यावरचा भाकरीचा कोळसा उचलून राखेत टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाभीने मला कार्ड लिहायला बसवलं. कार्डावर जागा थोडी, म्हणून मी आधीच ओळी मोजल्या. नऊ बसत होत्या. तिने पहिली सांगितली ती तबल्याची. दुसरी, दादाजी चार मिनिटं बसले होते. मी विचारलं, तू रडलीस ते लिहू का?

"ते नको," ती म्हणाली. "लिही की भाकरी जळाली आणि घरात मला कोणी काही बोललं नाही."